पतसंस्थेच्या संगणकातली ती एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सर्व्हर डाऊन आहे, दुपारनंतर या’ असं सांगून पतसंस्थेतून परत पाठवलं, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांत अधूनमधून दिसते. तक्रार रास्त आहे. पण सर्व्हर ‘डाऊन’ होतो तेव्हा आत नेमकं काय झालेलं असतं आणि तो परत चालू कसा केला जातो, याबद्दल कुणी लिहीत नाही. इचलकरंजी आणि आसपासच्या पतसंस्था, दूध संस्था, सूतगिरण्या यांच्या संगणक प्रणालीची देखभाल हा माझा व्यवसाय आहे. त्यातली एक गोष्ट मला ठेवीदारांपर्यंत पोहोचवायची आहे. ती त्यांच्याच खात्यांची आहे आणि त्यांना कुणी सांगितलेली नाही.

काउंटरवरच्या संगणकात तुमचं खातं नसतं. ते मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर, डाटाबेसमध्ये असतं. कॅशियरने खाते क्रमांक टाकला की तिथून माहिती आणणारं आणि तिथे नोंद पोहोचवणारं एक छोटं सॉफ्टवेअर मध्ये काम करतं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी सांभाळते त्यांपैकी बहुतेक ठिकाणी डाटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे आणि ड्रायव्हर ओडीबीसी. कुठल्याही प्रोग्रॅमला वेगवेगळ्या डाटाबेसशी एकाच रीतीने बोलता यावं म्हणून ओडीबीसी ही पद्धत १९९२मध्ये आली. आज तीस वर्षांनंतरही आपल्याकडच्या कित्येक संस्थांचा रोजचा व्यवहार तिच्यावर चालतो. पण ड्रायव्हर कुणाच्या नजरेस पडत नाही. खातेदाराचं सोडाच, मॅनेजरलाही त्याचं नाव ठाऊक नसतं.

या ड्रायव्हरची १८वी आवृत्ती फेब्रुवारी २०२२मध्ये आली. नव्या आवृत्तीत एरवी काय असतं? थोडा वेग वाढतो, काही चुका दुरुस्त होतात. इथे मात्र एका सेटिंगचं न सांगता धरलं जाणारं उत्तर उलटं झालं. प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यातला मजकूर सांकेतिक करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवायचा का, या प्रश्नावर प्रोग्रॅमने काही सांगितलं नाही तर १७व्या आवृत्तीपर्यंतचा ड्रायव्हर ‘नाही’ असं समजत असे. १८वी आवृत्ती ‘हो’ असं समजते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट येते. आता समोरचा सर्व्हर खरोखर तुमचाच आहे का, हे त्याच्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे डिजिटल ओळखपत्रावरून, ड्रायव्हर तपासतो, आणि खात्री पटली नाही तर जोडणीच नाकारतो. जावा आणि डॉट नेट या प्रणालींत लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी मायक्रोसॉफ्टचे जे ड्रायव्हर आहेत त्यांच्यातही २०२१च्या अखेरीस आणि २०२२च्या सुरुवातीला हाच बदल झाला. पोस्टग्रेस या दुसऱ्या, मोफत मिळणाऱ्या डाटाबेसचा ड्रायव्हर अजून इतका कडक नाही. एन्क्रिप्शन जमलं तर करतो, नाही जमलं तर तसाच बोलतो. म्हणून या एका बाबतीत मी मायक्रोसॉफ्टच्या बाजूने आहे. ज्या सेटिंगला कुणी हात लावत नाही ते सुरक्षित बाजूला ठेवणं हेच योग्य.

जुन्या पद्धतीत काय होत होतं, हे मी एका संस्थेच्या सचिवांना त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच कार्यालयात दाखवलं आहे. वायरशार्क नावाचं एक मोफत साधन आहे. नेटवर्कवरून जाणारा मजकूर ते पडद्यावर दाखवतं. शाखेतला एक संगणक चालू होता, कॅशियर नेहमीसारख्या नोंदी करत होता, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला त्याच्या प्रोग्रॅमने सर्व्हरला पाठवलेली अख्खी मागणी उमटत होती. कुठल्या खात्यात किती रक्कम जमा करायची, सभासदाचं नाव, मोबाइल क्रमांक. प्रत्येक अक्षरापुढे एक टिंब दिसतं, कारण अक्षर दोन बाइटमध्ये साठवलेलं असतं. तेवढी टिंबं सोडली तर सगळं वाचता येत होतं. सचिवांनी चष्मा वर करून आडनाव वाचलं आणि म्हणाले, “अहो, हे तर आमच्या गल्लीतले.” पासवर्ड मात्र तिथे दिसला नाही. लॉगिनचा तेवढा भाग एसक्यूएल सर्व्हर २००५पासून झाकला जातो. नेमक्या त्याच कारणाने कितीतरी जण खात्रीने सांगतात की आमची प्रणाली एन्क्रिप्टेड आहे. पासवर्ड झाकलेला असतो. त्यानंतर दिवसभर जे वाहतं ते उघडं असतं.

एका इमारतीतच सगळं असेल तर एक वेळ चालून जाईल, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही, पण क्षणभर धरून चालू. आपल्या संस्थांच्या शाखा मात्र खेड्यांत आहेत. कुठे ब्रॉडबँड, कुठे सिमकार्डचा डोंगल. काही ठिकाणी तर शाखेला जोडता यावं म्हणून मुख्य कार्यालयाच्या राउटरवर १४३३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचायचं दार, थेट इंटरनेटला उघडून ठेवलेलं मी पाहिलं आहे. एसक्यूएल सर्व्हरचं ठरलेलं पोर्ट तेच असतं, आणि हे जगभरात सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी पिग्मी एजंट आपलं यंत्र शाखेत जोडतात, तेव्हा गावातल्या भाजीवाल्यापासून यंत्रमागवाल्यापर्यंत सगळ्यांची दिवसभराची शिल्लक त्या रस्त्याने जाते.

आता १८वी आवृत्ती बसवल्यावर काय होतं ते सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. एका पतसंस्थेने काउंटरसाठी नवे संगणक घेतले. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने नव्यात नवा ड्रायव्हर टाकला आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तसं नावही बदललं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. सकाळी काउंटर उघडलं आणि पडद्यावर संदेश आला. सर्टिफिकेटची साखळी ज्या संस्थेने दिली आहे ती विश्वासार्ह नाही, अशा अर्थाचा, इंग्रजीत आणि काळजात धस्स व्हावं अशा भाषेत. रांग दारापर्यंत गेली. लग्नसराईचे दिवस, लोक ठेव मोडायला आलेले. मॅनेजरने सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने सांगितलं, “कनेक्शन स्ट्रिंगमध्ये शेवटी एवढी एक ओळ टाका.” कनेक्शन स्ट्रिंग म्हणजे कुठल्या सर्व्हरशी आणि कसं जोडायचं, हे प्रोग्रॅमला सांगणारी सेटिंग. ओळ टाकली, काउंटर सुरू झालं, रांग पुढे सरकली. मॅनेजरने त्या मुलाचे आभार मानले. दप्तरी नोंद झाली, ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम, सोडवला.’

ती ओळ म्हणजे ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट इज इक्वल टू येस’. तिचा अर्थ असा की समोर जो कुणी सर्व्हर म्हणून उभा असेल त्याचं सर्टिफिकेट तपासू नकोस, तसंच खरं मान. मजकूर सांकेतिक होऊन जातो हे खरं. पण तो कुणाच्या हाती जातो, हे पाहायचं नाही, असं ड्रायव्हरला बजावलेलं असतं. दारात आलेल्या अनोळखी माणसाला ओळखपत्र न विचारता, तो पिग्मीवाला म्हणतोय एवढ्यावर, दिवसाची रक्कम द्यावी, तसं हे आहे. मधल्या राउटरचा ताबा ज्याच्याकडे असेल तो स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करून दोन्ही बाजूंना खरा वाटू शकतो, आणि सगळं वाचू शकतो.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या एका कानाला फोन, दुसऱ्या फोनवर दुसरी शाखा, आणि त्याला कंपनीत शिकवलेलंच तेवढं. इंटरनेटवर हा इंग्रजी संदेश शोधला तर बहुतेक ठिकाणी हीच ओळ पहिला उपाय म्हणून सापडते. माझा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या शांततेवर. तात्पुरती म्हणून टाकलेली ओळ तिथेच राहते. पुढच्या शाखेत, पुढच्या संस्थेत तीच फाइल कॉपी होते. काही जण त्याहून सोपा मार्ग धरतात, एन्क्रिप्शनच ‘नको’ करतात. काही जण १८वी काढून १७वी परत बसवतात. दोन्ही आवृत्त्या एका संगणकात शेजारी नांदू शकतात, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि काही ठिकाणी व्हीबी सिक्स या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम अजून नेटिव्ह क्लायंट नावाच्या ड्रायव्हरवर चालतात, जो एसक्यूएल सर्व्हर २०२२मधून मायक्रोसॉफ्टने काढूनच टाकला. त्यांच्यापर्यंत तर हा प्रश्न अजून पोहोचलेलाही नाही.

तो इंग्रजी संदेश का येतो, हे एकदा समजलं की उपाय अवघड राहत नाही. एसक्यूएल सर्व्हरला कुणी सर्टिफिकेट दिलेलं नसेल तर तो सुरू होताना स्वतःच स्वतःला एक बनवून घेतो. त्याच्यामागे ओळखीचं कुणी नसतं, म्हणून नवा ड्रायव्हर ते मान्य करत नाही. मग काय करायचं? संस्थेने आपलं स्वतःचं एक मूळ सर्टिफिकेट तयार करायचं, त्याच्या आधाराने सर्व्हरचं सर्टिफिकेट काढायचं, ते सर्व्हरवर बसवायचं आणि मूळ सर्टिफिकेट प्रत्येक काउंटरच्या विंडोजमध्ये विश्वासू यादीत टाकायचं. यासाठी लागणारी साधनं मोफत आहेत. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती लहान संस्थांत वापरली जाते, तिच्यातही हे एन्क्रिप्शन चालतं. त्यासाठी महागडं लायसन लागत नाही. ‘साहेब, मोठं लायसन घ्यावं लागेल’ असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही, हे संचालकांनी लक्षात ठेवावं.

हे काम करताना माणसं नेमकी तीन जागी अडतात, म्हणून तेवढं सविस्तर लिहिते. संस्थेचा सॉफ्टवेअरवाला हे पत्र वाचत असेल तर त्याचा वेळ वाचेल. पहिली जागा नावाची. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे १९२.१६८ने सुरू होणारा आकडा लिहायची आपल्याकडे सवय आहे. सर्टिफिकेट असतं नावावर. आकड्याने हाक मारली आणि सर्टिफिकेटवर नाव निघालं की ड्रायव्हर पुन्हा नकार देतो, आणि लोकांना वाटतं सर्टिफिकेटच बिघडलं. सर्व्हरला एक कायमचं पूर्ण नाव द्यावं, तेच सर्टिफिकेटवर घालावं आणि सगळीकडे त्याच नावाने जोडावं. दुसरी जागा परवानगीची. सर्टिफिकेटची खासगी किल्ली वाचायची परवानगी एसक्यूएल सर्व्हरची सेवा ज्या खात्याने चालते त्या खात्याला द्यावी लागते. ती राहिली तर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये सगळं ठीक दिसतं आणि सेवा सुरूच होत नाही. म्हणून हे काम भर दुपारी करू नये, व्यवहार बंद झाल्यावर करावं. तिसरी जागा मुदतीची. सर्टिफिकेटला शेवटची तारीख असते. ती उलटली की ज्या ड्रायव्हरने काल जोडलं तोच आज नाकारतो, आणि पुन्हा ती ओळ टाकायचा मोह होतो. ही तारीख संस्थेच्या दिनदर्शिकेवर, वीजबिल आणि विम्याच्या हप्त्याशेजारी लिहून ठेवायला हवी.

जुन्या सर्व्हरचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मला पळवाट दिसत नाही. एसक्यूएल सर्व्हर २००८ची मायक्रोसॉफ्टकडची सेवा ९ जुलै २०१९ला थांबली, २०१२ची १२ जुलै २०२२ला, २०१४ची ९ जुलै २०२४ला. ड्रायव्हरची १८वी आवृत्ती २०१२च्या मागे जातच नाही. अजून २००८वर ठेवी सांभाळणाऱ्या संस्थांनी आधी तो सर्व्हर बदलावा. इमारतीला रंग देण्याआधी, नवीन सोफे घेण्याआधी.

१८व्या आवृत्तीत आणखी एक सोय आली आहे, ‘स्ट्रिक्ट’ या नावाची. ती एसक्यूएल सर्व्हर २०२२बरोबर चालते. तिच्यात जोडणीचा पहिला शब्दही झाकलेला असतो आणि ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’वाल्या ओळीला काही किंमतच नसते. ओळ लिहिली तरी तपासणी होतेच. नवी संस्था, नवा सर्व्हर असेल तर पहिल्या दिवसापासून हेच ठेवावं, असा माझा आग्रह आहे. सुरुवातीला एक दिवस जास्त लागेल, पण मग घाईच्या वेळी फोनवरून तपासणी बंद करण्याची सोयच उरणार नाही.

वाचकांना वाटेल, आम्हाला यातलं काय कळणार? कळायला हवं, आणि विचारता येईल इतकं ते सोपं आहे. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की सर्व्हरवर ‘डीएम एक्झेक कनेक्शन्स’ ही यादी उघडून दाखव. तिच्यात प्रत्येक जोडणीपुढे ‘एन्क्रिप्ट ऑप्शन’ असा रकाना असतो. तिथे ‘फॉल्स’ असेल तर ती जोडणी उघडी आहे, हे तुमच्या डोळ्यांनी दिसेल. सगळीकडे ‘ट्रू’ दिसलं म्हणून मात्र तेवढ्यावर समाधान मानू नका, कारण ती ओळ टाकलेली असली तरी तिथे ‘ट्रू’च दिसतं. त्यासाठी कनेक्शन स्ट्रिंगच पाहावी लागते. पासवर्ड झाकून बाकीची ओळ दाखवायला कुणाची हरकत नसावी. असेल तर तेही उत्तरच आहे.

लेखापरीक्षक दरवर्षी येतात. बॅकअप घेता का, अँटिव्हायरसचं बिल कुठे आहे, हे विचारतात. शाखेतून मुख्य कार्यालयाकडे माहिती कशी जाते, हे विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक डाटा संरक्षण कायदा २०२३मध्ये संसदेने केला. त्यात डाटाच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यांत एन्क्रिप्शनचा उल्लेख स्पष्ट आहे. सुरक्षेच्या तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. एवढ्या वेळात जिल्ह्यातल्या प्रत्येक पतसंस्थेला हे काम आरामात करता येईल. पण ते आपोआप होणार नाही, कारण ज्याला ते करायचं आहे त्याच्याकडे आज तरी कुणी मागितलेलं नाही, आणि न केल्याने काउंटर बंद पडत नाही.

माझ्या ओळखीच्या एका विधवा बाईंची सगळी पुंजी गावच्या पतसंस्थेत आहे. किती आहे हे त्यांनी सख्ख्या दिरालाही सांगितलेलं नाही, आणि ते न सांगण्याची कारणं त्यांच्याकडे आहेत. पासबुक त्या पिठाच्या डब्यामागे ठेवतात. तोच आकडा कुणालाही वाचता येईल असा रोज तारेवरून जात असेल, तर त्यांनी घेतलेल्या काळजीचा संस्थेने मान राखला नाही, असंच मी म्हणेन. त्या बाई कधी सभेत उठून ड्रायव्हरबद्दल विचारणार नाहीत. म्हणून ज्यांना विचारता येतं त्यांनी विचारावं, ही माझी विनंती आहे.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. सभेची सूचना आली की सभासदांनी लेखी प्रश्न द्यावेत. आपल्या शाखा मुख्य सर्व्हरशी कोणत्या ड्रायव्हरने आणि कितव्या आवृत्तीने जोडलेल्या आहेत? सर्व्हरला सर्टिफिकेट बसवलेलं आहे का, आणि त्याची मुदत कधी संपते? कनेक्शन स्ट्रिंगमध्ये तपासणी बंद करणारी ओळ आहे का? आणि १४३३ पोर्ट इंटरनेटला उघडं आहे का? संचालकांनी सॉफ्टवेअर पुरवठादाराकडून उत्तरं लेखी, सही-शिक्क्यासह घ्यावीत आणि ती अहवालात छापावीत. पुढच्या वर्षीच्या देखभालीच्या करारात ‘सर्टिफिकेटची तपासणी बंद करायची झाल्यास संस्थेची लेखी परवानगी घ्यावी’ असं एक कलम टाकावं. मी माझ्या करारांत ते टाकलं आहे, आणि आजवर एकाही संस्थेने त्याला नकार दिलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
सहकारी संस्थांच्या संगणक प्रणालींची देखभाल करणारी एक वाचक,
इचलकरंजी, जि. कोल्हापूर